धुराचे डांबर आणि कडक जाळ

२०१० सालच्या फेब्रुवारी महिन्यातील ही गोष्ट आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका विद्यापीठात मी पीएच.डी.नंतरचे संशोधन करीत होते. संशोधनाचा विषय ज्वलनाचे रसायनशास्त्र हा होता, हे पुढील हकिगतीच्या दृष्टीने लक्षात ठेवावे. आमच्या प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञांचे शेतावरचे घर राज्याच्या उत्तर भागात, मेपल आणि ओकच्या जंगलाला लागून होते. ते सहकुटुंब तीन दिवस बाहेरगावी जाणार होते. घर गरम ठेवणारी लाकडाची भट्टी विझू द्यायची नव्हती, कारण रात्रीचे तापमान उणे २५ अंश सेल्सियसपर्यंत उतरत होते. भट्टी विझली असती तर नळांतील पाणी गोठून नळ फुटले असते. ती राखण्याचे काम मी आनंदाने पत्करले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या भट्टीच्या धुराड्यातून, मालगाडी पुलावरून जावी तसा आवाज येऊ लागला आणि वरच्या तोंडातून हातभर ज्वाळा बाहेर पडू लागल्या. दहा फुटांवर छपराखाली वर्षभराचे वाळलेले जळण रचलेले होते. ही आपत्ती मी स्वतःच ओढवून घेतली होती. कशी, ते समजण्यासाठी ही भट्टी काय असते आणि तिच्यात काय साचते, हे आधी पाहिले पाहिजे.

ज्यांनी जुन्या घरांतला तांब्याचा बंब पाहिला आहे, त्यांना तिची रचना समजायला अडचण पडणार नाही. बंबाच्या मधोमध एक नळकांडे असते. त्यात ढलप्या, करवंट्या किंवा कोळसे पेटवतात. नळकांड्याभोवती पाणी असते. घराबाहेरचा लाकडावर चालणारा बॉयलर म्हणजे पोलादाचा एक भलामोठा बंबच. माणूस वाकून आत शिरेल एवढा त्याचा ज्वलनकक्ष असतो, त्याच्या सर्व बाजूंनी काही शे लिटर पाणी असते आणि वर आठ-दहा फुटांचे धुराडे असते. हे सारे पत्र्याच्या एका खोपटात बसवून घरापासून दूर उभे करतात. तापलेले पाणी पंपाच्या साहाय्याने जमिनीखालच्या नळांतून घरात जाते, खोल्या गरम करते आणि थंड होऊन परत येते. बहुतेक बॉयलरांमध्ये पाण्यावर दाब नसतो. वर एक उघडी नळी असते, तिच्यातून जास्तीची वाफ निघून जाते. धूर, राख आणि ठिणग्या घराबाहेर राहतात आणि एकदा ओंडके भरले की दहा-बारा तास बघावे लागत नाही. उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशातील शेतकऱ्यांना हा बॉयलर आवडतो तो यासाठी.

बंब आणि बॉयलर यांत एक मोठा फरक आहे. बंबातले पाणी तापले की आपण जाळ कमी करतो किंवा विझू देतो. बॉयलरमध्ये हे काम थर्मोस्टॅट करतो. पाणी ८५ अंशांपर्यंत तापले की तो हवेची झडप बंद करतो. पाणी काही अंश थंड झाले की पुन्हा उघडतो. आत मात्र शंभर किलो लाकूड तसेच पडलेले असते. हवा तोडल्याने ते विझत नाही, ते धुमसत राहते. सगळ्या गोष्टीचे मूळ या धुमसण्यात आहे.

लाकूड जळते म्हणजे काय होते? वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक विद्यार्थी सांगतात की लाकडातला कार्बन हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. एक मेणबत्ती पेटवा, ती चांगली जळू द्या आणि हळूच फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर चढू लागेल. पेटती काडी त्या धुराच्या रेघेला, वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर लावा. ज्योत धुरावरून खाली उडी मारते आणि वात पेटते. म्हणजे तो धूर हेच इंधन आहे. लाकडाचेही तसेच आहे. सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे चार-पंचमांश भाग तापल्यावर वायू व वाफांच्या रूपाने बाहेर पडतो आणि फक्त पाचवा हिस्सा कोळसा म्हणून मागे राहतो. आपण ज्याला ज्वाळा म्हणतो त्या या वायूंच्या असतात. लाकडातील हेमिसेल्युलोज २०० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागते, सेल्युलोज ३०० अंशांच्या पुढे, तर लिग्निन २०० ते ५०० अंशांच्या मोठ्या पट्ट्यात हळूहळू फुटत राहते. मात्र बाहेर पडलेले वायू पूर्णपणे जळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान, पुरेशी हवा आणि थोडा वेळ लागतो. लाकूड २५० अंशांना धूर देऊ लागते आणि तो धूर जळायला ६०० अंश हवेत. या दोन आकड्यांमधली दरी जिथे भरून निघत नाही, तिथे धूर न जळता निसटतो.

झडप बंद झाली की नेमके हेच होते. ओंडके तापलेले असतात, धूर निघतच राहतो. पण त्याला जाळायला हवा नसते आणि तापमानही नसते. तो धूर जाऊन आदळतो पाण्याने वेढलेल्या भिंतींवर.

या भिंती किती गरम असतील? येथे आणखी एक जुना प्रयोग आठवावा. कागदाच्या द्रोणात पाणी घेऊन तो मेणबत्तीवर धरला तर पाणी तापते, पण कागद जळत नाही. कागद पेटायला सुमारे २३० अंश लागतात. पाठीमागे पाणी असल्याने तो १०० अंशांच्या फारसा वर जाऊच शकत नाही. बॉयलरची पोलादी भिंत म्हणजे हा कागदी द्रोणच. आत जाळ ८०० अंशांचा असो वा १००० चा, पाठीमागे ८० अंशांचे पाणी असेपर्यंत भिंतीचे पोलाद शंभरीच्या आसपासच राहते. धुरातील डांबरी वाफा सुमारे १२० अंशांखाली भराभर द्रवरूप होऊ लागतात. त्यामुळे थंडीच्या दिवसांत खिडकीच्या काचेवर दव धरावे तसे या भिंतींवर धुराचे दव धरते. ते काळे, चिकट आणि आंबूस वासाचे असते. आंबूस अशासाठी की त्यात ॲसेटिक आम्ल असते. बाकीचे फेनॉलच्या कुळातले पदार्थ आणि डांबर. यालाच क्रिओसोट म्हणतात.

या नावाची कथा गमतीची आहे. कार्ल फॉन रायशेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली बीच वृक्षाच्या लाकडाच्या डांबरातून एक तेलकट द्रव वेगळा केला. तो लावल्यावर मांस कुजत नाही असे आढळल्यावरून त्याने मांस आणि रक्षक या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून हे नाव तयार केले. धुरी दिलेली मासळी टिकते, त्यामागे हेच पदार्थ असतात. रेल्वेच्या लाकडी स्लीपरांना वाळवी लागू नये म्हणून जे क्रिओसोट वापरत, ते मात्र दगडी कोळशाच्या डांबरापासून केलेले असते. नाव एक असले तरी ती वस्तू वेगळी.

ताजे क्रिओसोट काकवीसारखे ओघळते. त्यावर पुन्हा धूर बसतो, तो सुकतो, पुन्हा बसतो. थर कोरडा असला तर त्याची भुरभुरीत काजळी होते, ती ब्रशने झटकन निघते. थोडा अधिक भाजला गेला तर चकचकीत, कडकडीत पापुद्रे होतात. आणि ओल्या थरावर ओला थर चढत गेला तर शेवटी काचेसारखा तुळतुळीत, दगडासारखा घट्ट लेप होतो. तो ब्रशने निघत नाही. तिन्ही प्रकार ज्वालाग्राही आहेत. तिसरा सर्वांत वाईट.

आता कडक जाळाकडे वळू. हा बॉयलर वापरणाऱ्यांची एक रूढ पद्धत आहे. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा झडप पूर्ण उघडी ठेवून, चांगल्या वाळलेल्या बारीक फोडलेल्या लाकडांचा अर्धा तास मोठा जाळ करायचा, म्हणजे भिंतींवरचा चिकटा सुकून पापुद्रे गळून पडतात आणि निखाऱ्यांत जळून जातात. भिंत जर शंभर अंशांच्या वर जातच नाही, तर मग थर सुकतो कसा? पहिल्यांदा ऐकले तेव्हा मलाही हा प्रश्न पडला होता.

थोडा हिशेब करू. समजा, भिंतीच्या दर चौरस मीटरमधून १० किलोवॉट उष्णता पाण्याकडे जात आहे. पोलाद उष्णतेचे चांगले वाहक आहे. सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादात या प्रवाहामुळे जेमतेम एक-सव्वा अंशाचा फरक पडतो. क्रिओसोटच्या थराची उष्णतावाहकता आपण लाकडाइतकी, म्हणजे पोलादाच्या तीनशेव्या हिश्श्याएवढी धरू. तीन मिलिमीटरच्या थरात तेवढ्याच प्रवाहासाठी २०० अंशांचा फरक लागतो. म्हणजे थराची पोलादाला चिकटलेली बाजू शंभर अंशांवर आणि जाळाकडची बाजू तीनशेवर! बाहेरचा पृष्ठभाग भाजला जातो, त्यातले बाष्पशील पदार्थ उडून जातात, कोळसा होतो, तो आकसतो. आतली बाजू आकसत नाही. उन्हात तळ्याचा गाळ वाळला की त्याला भेगा पडून खपल्या वर वळतात, तसे पापुद्रे वळतात आणि पडतात. पाठीमागचे पाणी भिंतीला सांभाळते.

धुराड्याच्या पाठीमागे मात्र पाणी नसते. उलट, धूर थंड होऊ नये म्हणून त्याला उष्णतारोधक वेष्टण असते. तिथला थर तापू लागला तर त्याची उष्णता शोषून घेणारे कोणी नाही. तो पेटला की स्वतःच्या उष्णतेने पेटत जातो, वर उठणारा गरम वायू खालून जोराने हवा ओढतो, ती हवा आगीला आणखी भडकवते. धुराड्याच्या आगीत तापमान ११०० अंशांपर्यंत जाऊ शकते. अमेरिकेत चांगल्या दर्जाच्या धातूच्या धुराड्यांची ११५० अंशांना दहा-दहा मिनिटे तीन वेळा चाचणी घेतात. यावरून आगीचा अंदाज यावा. म्हणून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की कडक जाळ हा भट्टीच्या भिंतींसाठी आहे आणि धुराड्यासाठी ब्रश आहे. धुराड्यातली पातळ काजळी कडक जाळाने सुकून सैल होते, हे खरे. पण जाड थर जाळून काढण्याचा विचारही करू नये. काजळी तीन मिलिमीटरची झाली की धुराडे साफ करावे, आणि चकचकीत लेप दिसला तर तो कितीही पातळ असो, आधी जाणकाराकडून काढून घ्यावा, असा तिकडचा नियम आहे.

त्या दिवशी मी काय केले, ते आता सांगते. तंत्रज्ञांनी जाताना शनिवारी कडक जाळ करण्यास सांगितले होते. मी भट्टीचे दार उघडून भिंती पाहिल्या. त्या काळ्या आणि ओलसर होत्या. धुराड्यात पाहिले नाही. टॉर्च आणि आरसा खोपटातच खिळ्याला टांगलेले होते, तरी पाहिले नाही. मागील तीन आठवडे घरात सगळे आजारी होते, त्यामुळे साफसफाई झाली नव्हती आणि वाळलेल्या ढिगाऐवजी हाताशी असलेले ओले मेपल जाळले गेले होते, हे मला नंतर कळले. मी कक्ष वाळलेल्या ओकने काठोकाठ भरला. पहिली चूक धुराडे न पाहण्याची, ही दुसरी.

तिसरी चूक हिशेबाची होती, आणि तिची मला आजही लाज वाटते. आठवडाभराच्या कडाक्यानंतर त्या दुपारी लख्ख ऊन पडले होते. तापमान शून्याच्या आसपास आले होते. घराला उष्णतेची फारशी गरज नव्हती. कडक जाळातून निघणारी उष्णता जाणार कुठे? बॉयलरमध्ये ८०० लिटर पाणी आहे आणि ते ६५ अंशांवर आहे असे धरा. ते ८५ अंशांपर्यंत तापवायला ८०० गुणिले ४.२ गुणिले २०, म्हणजे सुमारे ६७,००० किलोज्यूल लागतात. जाळ ६० किलोवॉटचा असेल तर साडेअठरा मिनिटांत काम संपले. त्यानंतर थर्मोस्टॅट झडप बंद करणार, आणि कक्षात ठासून भरलेला ओक धुमसू लागणार. म्हणजे क्रिओसोट घालवायला निघालो आणि नवे क्रिओसोट करून बसलो! झडप बंद झाली तेव्हा हे माझ्या ध्यानात आले. तेव्हा मी चौथी चूक केली. काम अर्धवट राहू नये म्हणून मी भट्टीचे दार एक ढलपी अडकवून किलकिले ठेवले.

हे कधीही करू नये. दार उघडे ठेवणे म्हणजे थर्मोस्टॅटचा गळा दाबणे. त्याच ६० किलोवॉटने ८५ अंशांचे पाणी आणखी चौदा मिनिटांत उकळू लागते आणि मग दर मिनिटाला दीड लिटरहून अधिक पाण्याची वाफ होऊन जाते. उघड्या नळीमुळे स्फोट होत नाही. पण पाण्याची पातळी उतरते, भिंतीचा वरचा भाग कोरडा पडतो आणि कागदी द्रोणाचे जे पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या कडेला होते तेच पोलादाचे होते. बॉयलर बंद दाबाचा असेल आणि त्याची सुरक्षा झडप अडकलेली असेल तर प्रसंग प्राणावर बेतू शकतो, कारण एक लिटर पाण्यापासून सोळाशे लिटरहून अधिक वाफ होते. शिवाय उघड्या दारातून आत शिरणारी हवा ज्वाळांना सरळ धुराड्यात ढकलते. माझ्या बाबतीत पाणी उकळण्याआधीच धुराड्याने पेट घेतला.

आवाज ऐकल्यावर सुदैवाने दोन गोष्टी बरोबर केल्या. ढलपी लाथेने उडवून दार घट्ट लावले आणि घरात धावत जाऊन अग्निशमन दलाला फोन केला. तिथे गावोगावी स्वयंसेवकांची दले असतात. फोनवरच्या बाईंनी शांतपणे विचारले, “दार बंद आहे का? पंप चालू आहे का? पाणी ओतू नका.” तप्त पोलादावर पाणी ओतले तर ते तडकते आणि वाफेचा लोट ओतणाऱ्याच्याच अंगावर येतो. मी घरातल्या सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट सर्वांत वर नेले, म्हणजे पंप गरम पाणी घरात खेचत राहील. हवा तुटल्यावर आवाज हळूहळू उतरला. दलाची गाडी पोचेपर्यंत ज्वाळा थांबल्या होत्या. ठिणग्या बर्फावर पडून विझल्या होत्या, एवढेच. त्याच ठिणग्या एप्रिलमध्ये वाळक्या गवतावर पडल्या असत्या तर ही हकिगत वेगळी झाली असती.

तंत्रज्ञ परत आल्यावर रागावले नाहीत. बॉयलर थंड झाल्यावर त्यांनी धुराडे उतरवून पाहिले. आगीत क्रिओसोट फुगते. आतला थर चुरमुऱ्यासारखा हलका आणि सच्छिद्र होऊन अर्धा मार्ग अडला होता. वरचा नळ तापून वाकडा झाला होता, तो बदलला. धुराड्याला आग लागून गेली की तपासल्याशिवाय ते पुन्हा वापरायचे नसते. पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्यासमोर कडक जाळ केला.

सकाळची वेळ त्यांनी निवडली, कारण रात्रभराच्या थंडीने घर उष्णता मागत होते आणि पाण्याचे तापमान खालच्या बाजूला होते. आधी पाण्याची पातळी पाहिली. मग टॉर्च आणि आरशाने धुराडे पाहिले. दार उघडण्यापूर्वी धूर बाहेर जाण्याची झडप उघडली, दार बोटभर सरकवले आणि बाजूला उभे राहून मिनिटभर थांबले. रात्रभर धुमसलेल्या कक्षात न जळलेला धूर आणि कार्बन मोनॉक्साइड कोंडलेला असतो. दार एकदम उघडून हवा आत शिरली की तो भपकन पेटतो. मेणबत्तीच्या धुराची ती उडीच, फक्त माणसाच्या तोंडासमोर. या परिसरात भुवया जळालेला एक तरी शेतकरी प्रत्येक गावात भेटतो असे ते हसत म्हणाले. मग त्यांनी राख ओढली, निखारे पुढे घेतले आणि मनगटाएवढी फोडलेली वाळकी लाकडे फक्त एक थर घातली. पुठ्ठा, तेल, रबर, कचरा काहीही नाही. दार लावून घेतले. अर्धा तास ते तिथून हलले नाहीत. नजर धुराड्यावरच्या तापमापकावर आणि पाण्याच्या तापमापकावर. जाळ ओसरल्यावर लांब दांड्याच्या खरवडणीने भिंतींवरचे सुटलेले पापुद्रे निखाऱ्यांत पाडले. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून उघड्यावर, भिंतीपासून दूर ठेवली. राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहू शकतात.

मी विचारले, हे दर आठवड्याला करण्याऐवजी क्रिओसोट होऊच नये असे काही करता येणार नाही का? त्यांनी जळणाच्या ढिगाकडे बोट दाखवले. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते. दहा किलो ओल्या लाकडात पाच किलो पाणी. ते उडवायला साधारण १३ मेगाज्यूल लागतात, तर उरलेल्या पाच किलो सुक्या लाकडातून सुमारे ९२ मेगाज्यूल मिळतात. म्हणजे तोटा चौदा टक्क्यांचा. विद्यार्थी म्हणतील, फार नाही. पण ही उष्णता नेमकी जाळाच्या तोंडून काढून घेतली जाते. लाकूड शंभर अंशांवर अडून बसते आणि वायू जळायला लागणारे ६०० अंश गाठलेच जात नाहीत. शिवाय लाकडात सहा टक्के हायड्रोजन असतो. एक किलो अगदी कोरडे लाकूड जाळले तरी अर्धा किलोहून थोडे अधिक पाणी तयार होते. ओल्या लाकडाचे पाणी यात मिळवले तर दर किलो सुक्या भागामागे दीड किलो पाण्याची वाफ धुराड्यातून जाते. पाऊणशे-ऐंशी अंशांच्या भिंतींवर या वाफेचे दव धरत नाही. पण थंड टोपीजवळ आणि घरातून परत येणारे पाणी जिथे शिरते त्या गार कोपऱ्यात धरते. म्हणून परतीचे पाणी ६० अंशांच्या खाली जाऊ न देणारी मिश्रण झडप बसवतात. लाकूड फोडून, छपराखाली, वारा खेळेल असे रचून एक-दोन उन्हाळे वाळवले की ओलावा वीस टक्क्यांखाली येतो.

दुसरे कारण बॉयलरच्या आकाराचे. गरजेपेक्षा मोठा बॉयलर घेतला की तो दिवसाचे वीस तास धुमसतो. घेताना सर्वांना मोठाच हवा असतो, त्याला इलाज नाही.

धुमसण्याचा त्रास शेजाऱ्यांनाही होतोच. बुटक्या धुराड्याचा थंड धूर वर न जाता जमिनीलगत पसरतो. व्हरमाँट राज्याने १९९७ सालीच असा बॉयलर शेजारच्या घरापासून २०० फूट दूर ठेवण्याचा नियम केला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ साली नव्या बॉयलरांसाठी देशभर लागू होणाऱ्या मर्यादा ठरविल्या आणि २०२० पासून त्या आणखी कडक केल्या. त्यामुळे नव्या बॉयलरांत ओंडक्यांतून निघणारा वायू वेगळ्या, उष्णतारोधक कक्षात नेऊन जाळतात. त्या कक्षाच्या भिंतीला पाणी लागू देत नाहीत. अर्थात ओंडक्यांच्या कक्षाला पाणी असतेच आणि तिथे काळा चिकटा धरतोच. तो दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नसते. जुने बॉयलर मात्र अजूनही हजारो शेतांवर उभे आहेत.

वर्गात क्रिओसोट दाखवायचे असेल तर कठीण काचेच्या परीक्षानळीत चिमूटभर कोरडा भुसा घ्या, नळी थोडी तोंडाकडे उतरती धरा आणि तापवा. नळीच्या थंड भागावर तपकिरी थेंब जमतील. त्यांना निळा लिटमस लावला तर तो तांबडा होतो. तोंडाशी निघणारा धूर काडीने पेटतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, नळीचे तोंड कोणाकडे नसावे आणि हा प्रयोग शिक्षकांनीच करावा.

लिटमस तांबडा होतो, यात कडक जाळाने न सुटणारी एक गोष्ट आहे. मघाच्या हिशेबात थराची पोलादाकडची बाजू शंभर अंशांवरच राहिली होती. तिथले आम्ल जाळानंतरही जागेवर असते आणि पोलाद खात राहते. त्यावर खरवडणी हाच उपाय. हिवाळा संपला की तंत्रज्ञ भट्टीत शिरून भिंती धातूपर्यंत खरवडीत, कारण उरलेली राख उन्हाळ्यात हवेतला ओलावा शोषते आणि गंज वाढतो. मग तेलाचा हात फिरवून, धुराड्यावर डबा पालथा घालून ते दार लावून घेत. त्या वर्षी मे महिन्यात हे काम मी त्यांच्याबरोबर केले. दोन माणसांना पूर्ण एक दिवस लागला.